बिनलोखंडाची सवारी

१३ जुलै २०२५, रविवार

घोडी घेतली.

नूतनला विश्वासात घेतलं. म्हणजे तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून घोडी पाहिली आणि त्यानंतर मी तिला विश्वासात घेतलं. ती म्हणाली, लॉजच्या निम्म्या खोल्या गळतायत आणि तुम्ही घोडी आणलीत. मी म्हटलं, प्रश्न खोल्यांचा नाही, व्हिजनचा आहे. ती भाकऱ्या थापायला गेली. एकंदरीत विरोध नाही.

घोडी धर्माची. मुरुडच्या किनाऱ्यावर बरीच वर्षं टुरिस्टना फेऱ्या मारायची. धर्माने आता वाळूवर पळणारी चारचाकी एटीव्ही घेतली. जाताना म्हणाला, "शेठ, जपा तिला. आता जास्ती दामटू नका." मी त्याला सांगितलं की दामटणं या कल्पनेवरच माझा विश्वास नाही. त्याला ते फार आवडलेलं दिसलं. माझे दोन्ही हात धरले.

त्याने खोगीर दिलं, लगामही दिला. त्यातली तोंडात जाणारी लोखंडी कडी बघून अंगावर काटा आला. अनुभव म्हणून स्वतःच्या तोंडात धरून पाहिली. नेमकी नूतन चहा घेऊन आली. कप कठड्यावर ठेवून गेली.

निर्णय: या घरात कोणाच्या तोंडात लोखंड जाणार नाही.

१४ जुलै, सोमवार

घोडीचं नाव बिजली होतं. माझ्या तत्त्वात बसत नाही. करुणा ठेवलं. दोन्ही नावांना ओ देत नाही, म्हणजे जुन्या नावात अडकलेली नाही.

खरं कारण इथे लिहून ठेवतो. दसऱ्याला आमच्या आळीचं निशाण बाबा घोड्यावरून पुढे न्यायचे. मी लहानपणी मागून धावायचो, धूळ खात. बाबा गेले, घोडा विकला, आणि निशाण चुलतभाऊ गणराजच्या उघड्या जीपवर गेलं. इतकी वर्षं ते जीपवर आहे. गणराज बॉनेटजवळ उभा राहून लोकांना हात दाखवतो.

या वर्षी दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी. अहिंसक सवारीला याहून चांगला मुहूर्त मिळणार नाही. मी निशाण घेऊन करुणावर बसणार, तिच्या तोंडात काहीही नसणार, आणि तरी ती माझं ऐकणार. अख्खं मुरुड बघेल.

बिटलेस ब्रायडल, म्हणजे तोंडात कडी नसलेला लगाम, ऑनलाइन मागवलं.

२२ जुलै, मंगळवार

पार्सल आलं. उत्कृष्ट वस्तू. तोंडात काही नाही, फक्त नाकावर पट्टा. कंपनीच्या व्हिडिओत एक बाई ते डोळे मिटून बांधते.

सकाळी सुरुवात केली. दुपारी जेवणानंतर लक्षात आलं की उलटं बांधलंय. करुणा पूर्ण वेळ शांत. गालावरचा पट्टा तिने थोडा खाल्ला.

२७ जुलै, रविवार

पहिली सवारी! विहिरीच्या कठड्यावरून चढलो.

गेटबाहेर डावीकडे वळायचं होतं. उजवा-डावा असा कोणताच दाब न देता तिला फक्त मनातून सुचवलं. ती उजवीकडे वळली, किनाऱ्यावर गेली, भेळवाल्यांच्या बंद टपऱ्यांपाशी थांबली आणि समुद्राकडे पाठ करून उभी राहिली. पाऊस आडवा लागत होता. मग पट्टा हळूच ओढला. मग जरा जोरात. मग दोन्ही हातांनी. ती हलली नाही. आपण होऊन वळली तेव्हा थेट घरी आली.

संध्याकाळी धर्मा एसटी स्टँडवर भेटला. त्याला हे सांगितलं. म्हणाला, तिथे फोटो काढायला थांबायचो.

माझं मत वेगळं आहे. तिला चिंतन आवडतं.

९ ऑगस्ट, शनिवार

रोज सवारी. रोज चिंतन.

ब्रायडलबद्दल विचार बदलतोय. ती नाक खाली घालते, पट्टा सरकतो आणि डोळ्यावर येतो. मग तिला दिसत नाही आणि मला थांबवता येत नाही. काल अशा अवस्थेत आम्ही कोळीवाड्यात सुकत घातलेल्या जाळ्यांमधून गेलो. बायका ओरडत होत्या. मी हात जोडले. लगाम सोडून हात जोडल्यामुळे अजून थोडं पुढे गेलो.

मुळात इतके पट्टे कशाला? इतकी बक्कलं? ही परदेशी गुंतागुंत आहे. साधेपणाकडे जायला हवं.

१० ऑगस्ट, रविवार

काथ्याच्या दोरीची म्होरकी केली, आपल्या गुरांना घालतात तशी. स्वतःच्या हातांनी वळली. ब्रायडल माळ्यावर ठेवलं. नूतन म्हणाली, परत करता येईल का. मी म्हटलं, ज्ञान परत करता येत नाही.

म्होरकी घालून प्रयोग. निकाल: उजवीकडे, टपऱ्या, चिंतन, घर.

पण आज तिने जाताना एकदा माझ्याकडे वळून पाहिलं. हा संवाद आहे.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदनाला गेलो. दसऱ्याच्या कमिटीचे सगळे तिथेच होते, म्हणून तिथेच विषय काढला. दसऱ्याला निशाण घोड्यावरून नेणार, लगामाशिवाय. हसतील म्हणून तयारीत होतो. कोणी हसलं नाही. उलट सगळे गंभीर झाले. गणराज म्हणाला, "नेऊ नको असं न्हाय म्हणत. पण बसू नको बाबा तिच्यावर. चालवत आण."

जळतो. सरळ आहे.

२० ऑगस्ट, बुधवार

खोगिराचा तंग, म्हणजे पोटाखालून बांधायचा पट्टा, एका भोकाने कमी पडतोय. पावसाने चामडं आखडलं असणार. खोबरेल लावून वाळत घातलं, वाळलं नाही.

चंद्राबाई कुंपणावरून बघत होती. शेजारीण असून आजवर माझ्या एकाही उपक्रमात तिने रस दाखवला नव्हता. आज म्हणाली, "भाऊ, कितवा महिना?"

मी हिशेब केला. जुलैत आणली. म्हटलं, दुसरा.

ती घोडीकडे बघत बसली. म्हणाली, "दुसऱ्यात एवढं?" मी म्हटलं, पद्धत योग्य असली की प्रगती दिसते.

संध्याकाळी गूळ आणि बाजरी घेऊन आली, घोडीसाठी. लोक बदलतायत.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. घरी पाहुणे. सगळे आरतीनंतर आधी वाडीत घोडी बघायला जातात. बायका तर तिच्या पाठीवरून हात फिरवतात, डोळ्यांत पाणी आणून. माझ्या सासूबाईंनी तिला दोन मोदक दिले. मला एक.

करुणाची तब्येत छान सुधारली आहे. भरली आहे. लोखंडाचा ताण गेला की शरीर कसं खुलतं हे डोळ्यांसमोर दिसतंय. यावर कोणीतरी लिहायला हवं.

तंग आता तीन भोकांनी कमी पडतो. चामडं फारच हलकं दिलं धर्माने.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

खोगीरच बंद. तेही एक बंधनच आहे. गोणपाट टाकून बसलो.

करुणाने मान वळवून माझा गुडघा हुंगला. मग सुपारीच्या वाडीत शिरली आणि जिथे दोन झाडं अगदी जवळ आहेत तिथून गेली. ती गेली. मी अलीकडे राहिलो.

फार लागलं नाही. बसताना थोडं.

३१ ऑगस्ट, रविवार

नूतन सकाळी म्हणाली, "अहो, पोट बघा जरा. मला काही ठीक दिसत नाही."

इतक्या वर्षांनी हे असं तोंडावर बोलायचं? आजपासून भात बंद.

७ सप्टेंबर, रविवार

विसर्जन झालं. भात बंदच आहे. नूतन विचारते की डॉक्टरला बोलावू का. मी म्हटलं, डॉक्टरची गरज नाही, निर्धार हवा. ती म्हणाली, निर्धाराने काय होणार? हा टोमणा मी गिळला. गिळायला तेवढाच होता.

चढणं पूर्णपणे सोडलं. तिच्या पाठीवर बसून मी तिला विश्वास कसा देणार? आता आम्ही बरोबर चालतो. म्होरकीही काढली, गळ्याभोवती नुसता एक सैल दोर. दोर मी धरतो, दिशा ती धरते.

सवारी ही मनाची अवस्था आहे. (हे वाक्य चांगलं आहे. लॉजच्या रिसेप्शनला लावावं.)

१४ सप्टेंबर, रविवार

आज टपऱ्यांपाशी पुण्याचं एक कुटुंब भेटलं. त्यातल्या गृहस्थांनी विचारलं, राइड कशी? मी त्यांना पद्धत समजावली. लोखंड नको, पट्टा नको, खोगीर नको, बसणं नको. ते म्हणाले, मग राइड म्हणजे नक्की काय? मी म्हटलं, तुम्ही तिच्याबरोबर उभे राहा. ते थोडा वेळ उभे राहिले. मग धर्माच्या एटीव्हीवर गेले.

धर्मा मात्र आदराने वागतो. एटीव्ही थांबवून उतरला, करुणाच्या पोटावरून हात फिरवला आणि मला म्हणाला, "शेठ, तुमच्यासारखा माणूस न्हाय बघितला." एवढंच. डोळे ओले होते. किनाऱ्यावर वाळू उडते, तरीही.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. आजपासून दसऱ्याची रंगीत तालीम.

गळ्यातला दोरही काढला. शेवटचं बंधन गेलं. सगळे दोर आणि धर्माचा लगाम मिळून एक गाठोडं केलं, समुद्रावर नेलं आणि लाटेत सोडलं. डोळे मिटून उभा राहिलो. गाठोडं परत पायाशी आलं. पुन्हा टाकलं. तिसऱ्यांदा गेलं.

तालीम: बाबांचं निशाण सोडवून आणणं शक्य नव्हतं म्हणून झाडूच्या काठीला नूतनचं जुनं पातळ बांधलं. मी पुढे, करुणा मागे. गेटपर्यंत मी पोचलो. मागे वळलो तर करुणा चंद्राबाईच्या अंगणात.

तिला हाक मारली. करुणा म्हणून, मग कोणी ऐकत नाहीसं बघून बिजली म्हणून. चंद्राबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे हो. तिच्या जिवाला वाटंल तसं." बरोबर आहे. माझंच तत्त्व आहे. काठी घेऊन एकटाच घरी आलो.

२८ सप्टेंबर, रविवार

मागच्या पायांमध्ये थोडी सूज दिसते. डासांमुळे असावी. कडुलिंबाचा धूर केला. करुणाला चालला. लॉजमधल्या दोन खोल्यांतले गेस्ट बाहेर आले. नूतन त्यांची समजूत घालत होती तेव्हा मी मध्ये पडलो नाही. तिचं क्षेत्र आहे.

आज रस्त्यात गणराज भेटला. जीप थांबवून म्हणाला, "दसऱ्याला जमलं तर आण, न्हाय तर राहू दे. निशाण तुझ्या दारात थांबवतो मी. तू हात लाव, मग पुढे नेऊ." इतका गोड बोलतोय म्हणजे घाबरला आहे. मी म्हटलं, जमेल. ती माझ्यामागे चालत येईल, बघशील तू.

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. बाबा ठेवायचे तसा. मला ते आवडलं नाही. थोडं आवडलं.

१ ऑक्टोबर, बुधवार. संध्याकाळ

झेंडूच्या माळा केल्या. करुणासाठी एक, मला एक.

ती अस्वस्थ आहे. चंदीचा दाणा खाल्ला नाही. उभी राहते, बसते, अंगाला घाम. स्टेज फ्राइट. मलाही शाळेत व्हायचं. तिच्याजवळ जाऊन सांगितलं की उद्या काही अवघड नाही, आळीच्या टोकापासून देवळापर्यंत. तिने माझ्या शर्टात तोंड खुपसलं आणि तसंच ठेवलं. यापूर्वी कधी केलं नव्हतं.

नूतन म्हणाली, मी उद्या सकाळी डॉक्टर सोनलना फोन करणार आहे, तुम्ही काहीही म्हणा. मी म्हटलं, माझं वजन बऱ्यापैकी उतरलंय. ती माझ्याकडे बघतच राहिली. डॉक्टर सोनल गुरांच्या आहेत हे मला जेवताना आठवलं. भात नव्हता, त्यामुळे डोकं चालत नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

काय लिहू.

उजाडताना माळ घेऊन वाडीत गेलो. करुणा आडवी पडली होती. आधी वाटलं, नमस्कार करतेय. खरंच वाटलं. मग जवळ गेलो. शेपटीखाली काहीतरी बाहेर आलं होतं. पाय होता. एक छोटा खूर, पिवळट, मऊ.

मी नूतनला हाक मारली. पुन्हा मारली.

ती आली, बघितलं, फोन लावला. डॉक्टर सोनल म्हणाल्या, निघते, पण एकच पाय दिसतोय का? दोन दिसायला हवेत. तिला उठून पळू देऊ नका. धरून ठेवा.

धरायला काहीच नव्हतं. ब्रायडल माळ्यावर, ते तरी डोळ्यांवरच सरकलं असतं. बाकीचं सगळं मी समुद्रात टाकलेलं. ती कळ आली की उठायची, दोन पावलं जायची, पुन्हा कोसळायची. मी तिच्या मानेला मिठी मारली. तिने मला सहज बाजूला केलं. रस्त्यावर ढोल सुरू झाले होते.

नूतनने कपडे वाळत घालायची दोरी सोडून आणली. टॉवेल, गेस्टची चादर, सगळं चिखलात पडलं. म्हणाली, "बांधा." मी म्हटलं, मी नाही. म्हणाली, "अहो, ती मरेल."

मी तिच्या नाकावरून दोरी घेतली, कानामागून आवळली. गाठ मारताना ती माझ्याकडे बघत होती. मी बघितलं नाही.

डॉक्टर उशिरा पोचल्या, रस्त्यात मिरवणुकीच्या गाड्या सजवून उभ्या होत्या म्हणून. स्कूटर गेटात टाकून धावतच आल्या, हात खांद्यापर्यंत साबणाने धुतले आणि चिखलात झोपल्या. एक पाय मागे मुडपला होता. म्हणाल्या, डोकं घट्ट धरा, कळ आली की सांगा. मी डोकं मांडीवर घेतलं. कळ आली हे सांगावं लागत नव्हतं. माझ्या मांडीतून जात होती. मी काही करू शकत नव्हतो. "करुणा, करुणा" म्हणत होतो. मग "बिजली" म्हणायला लागलो. तिचा कान हलला.

मिरवणूक दारात आली आणि थांबली. ढोल बंद झाले. कुंपणापलीकडे अख्खी आळी उभी. गणराज निशाण धरून जीपमध्ये उभा होता, ते मला पानांमधून दिसत होतं. हात लावायला उठता येत नव्हतं.

मग डॉक्टर ओरडल्या, आला, दुसरा आला. नूतननेही पाय धरून ओढलं. शिंगरू बाहेर आलं, ओलं, पिशवीत गुंडाळलेलं. हललं नाही. डॉक्टरांनी नाक साफ केलं, गवताने अंग घासलं. नूतन "अगं ऊठ गं" म्हणत होती, कोणाला ते कळलं नाही. मग ते शिंकलं.

बिजलीने माझ्या मांडीवरून डोकं उचललं आणि तिकडे वळवलं. मी दोरी सोडली.

हात धुताना डॉक्टरांनी विचारलं, किती महिने झाले होते? मी म्हटलं, जुलैपासून धरले तर तीन. त्या थांबल्या. साबण हातातच.

निशाण कधी पुढे गेलं, कळलं नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

बिजली ठीक. शिंगरू ठीक. मादी आहे. उभी राहते, धडपडते, दूध पिते, माझ्या हातून पळते. नूतनच्या मागे फिरते.

नूतनला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, पोट बघा म्हणून सांगितलं होतं ना. मी तो विषय वाढवला नाही. भात सुरू केला.

सकाळपासून रीघ. चंद्राबाई, कमिटी, कोळीवाड्यातल्या बायका, धर्मा. पडवीत बसायला जागा नाही. गणराजने शाल आणली. माझ्या अंगावर घातली आणि सगळ्यांसमोर बोलायला उभा राहिला. म्हणाला, "आपण याला नावं ठेवतो, की याचं काही धड होत नाही. पण याने गाभण घोडी घेतली आणि पहिल्या दिवशी तिच्या तोंडातलं लोखंड काढलं. पोट दिसायला लागलं तसं खोगीर काढलं. मग स्वतः उतरला, तिच्याबरोबर पायी फिरला. शेवटी गळ्यातली दोरीपण काढली, तिला मोकळं सोडलं. मिरवणुकीत मिरवायचं सोडून चिखलात बसला. काकांनी घोडा ठेवला, पण काकांना एवढी माया नव्हती."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. धर्मा सर्वांत जोरात. तो म्हणाला, "मला वाटलंच होतं, शेठला सांगायला नको, शेठने बघितलंय. म्हणून तर मी यांना दिली."

डॉक्टर सोनल खुर्चीत बसल्या होत्या. त्या तेवढ्या टाळ्या वाजवत नव्हत्या. त्यांनी सरळ मला विचारलं, "घेतानाच माहीत होतं तुम्हाला?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तोंड उघडलं. शाल उकडत होती. "म्हणजे," म्हटलं, "म्हणजे तसं बघितलं तर..."

नूतन आतून कपांचा ट्रे घेऊन येत होती. उंबऱ्यातच थांबली आणि म्हणाली, "पहिल्या दिवसापासून माहीत होतं त्यांना. रोज मला सांगायचे."

माझ्याकडे बघितलंही नाही. पहिला कप डॉक्टरांना दिला, दुसरा गणराजला.

सगळे गेल्यावर स्वयंपाकघरात गेलो. ती कप विसळत होती. मी म्हटलं, असं का सांगितलंस?

"मग काय सांगायचं होतं?" ती म्हणाली. चिडून नाही. खरंच विचारत होती.

मी फडकं घेतलं आणि कप पुसायला लागलो.